मालदांडी हातची न घालवता रब्बी ज्वारीचं सुधारित वाण कसं तयार करायचं

रब्बी ज्वारीचं नवीन वाण म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो एकरी किती क्विंटल देणार हाच. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरला यायला पाहिजे. मालदांडी 35-1 बघा, 1930 च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडून काढलेलं वाण, त्यानंतर दाणा जास्त देणारी कितीतरी वाणं आली तरी सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, नगरचा दक्षिण भाग, बीड, धाराशिव आणि पलीकडे विजापूरपर्यंत लोक अजून तीच पेरतात, कारण तिची भाकरी गोड लागते, दाणा मोत्यासारखा असतो आणि कडबा जनावर शेवटच्या कांडीपर्यंत खातं. खरिपात 1964 ला सीएसएच-1 हा संकरित वाण आला आणि चित्र पालटलं, रब्बीत तसं झालं नाही, आणि ते का झालं नाही हे कळल्याशिवाय पैदाशीच्या कामाला हातच घालू नये असं मला वाटतं.

रब्बी ज्वारी उगवते ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर आणि नंतर बहुतेक पाऊस नसतोच, म्हणजे जमिनीत जेवढं पाणी साठलंय तेवढ्यातच सगळा संसार. फुलोरा येतो तोपर्यंत वरचा थर कोरडा पडलेला असतो आणि दाणा भरायची वेळ नेमकी सगळ्यात जास्त ताणाची. वरून सुरुवातीला खोडमाशी, शेवटी खडखड्या, म्हणजे ताट आतून पोखरून आडवं पाडणारा बुरशीचा रोग. खरिपातलं चांगलं वाण इथे आणून पेरलं तर ते या तिन्ही ठिकाणी मार खातं आणि दाणाही भाकरीच्या पसंतीचा नसतो. म्हणून सरळ बोलायचं तर आपलं काम नवीन ज्वारी घडवायचं नाहीये, मालदांडीसारख्या गावरान वाणात जे कमी आहे ते एकेक करून भरायचं आहे आणि जे आहे ते जपायचं आहे.

हे सगळं मी कृषी पदवीचे विद्यार्थी, शेतकरी गट, एफपीओ (शेतकरी उत्पादक कंपन्या) आणि बीज बँका चालवणारे लोक डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. काही भाग गावात होतो, काही भागाला विद्यापीठ नाहीतर संशोधन केंद्र जोडीला लागतं, कुठे काय लागतं ते जिथल्या तिथे सांगतो.

आधी ठरवा काय पाहिजे

कागद घ्या आणि गावातल्या 15-20 घरांत जाऊन विचारा. पुरुषांना विचारा तसं बायकांनाही विचारा, खरं तर बायकांना जास्त विचारा, कारण भाकरी थापताना चिरते का, फुगते का, सकाळची भाकरी संध्याकाळी वातड होते का हे त्यांनाच माहीत. कडबा कुणाला पाहिजे, विकायला की घरच्या जनावराला, तेही विचारा. मग जमीन बघा. हलकी मुरमाड असेल तर लवकर येणारं वाण लागणार, भारी काळी असेल तर जरा उशिराचं चालतं. आज शिफारशीतली वाणंही तशीच वाटलेली आहेत, हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा परभणी मोती, भारीला फुले वसुधा, फुले यशोदा, पाण्याखाली फुले रेवती. एकच वाण सगळ्या जमिनीला चालेल ही अपेक्षाच सोडून द्या.

यातून तीन-चार गोष्टी पक्क्या करा, जास्त नको. उदाहरणार्थ मध्यम जमीन, मालदांडीएवढाच दाण्याचा आकार आणि भाकरी, कडबा कमी होता कामा नये, आणि शेवटच्या ताणात ताट पडू नये. जितकी गुणांची यादी लांबते तितकी झाडांची संख्या वाढते, त्याचं गणित पुढे देतोय.

बी कुठून आणायचं

पहिली जीनबँक, म्हणजे वेगवेगळ्या वाणांच्या बियांचा साठा, ती आपलंच गाव. अजूनही हुरड्यासाठी गूळभेंडी, कुचकुची, सुरती राखणारे लोक आहेत, कुठे दगडी आहे, कुठे लाह्यांची ज्वारी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कणसं पक्व झाली की उभ्या पिकात फिरा आणि एकाच शेतातून निदान 40-50 वेगवेगळ्या झाडांची कणसं घ्या. खळ्यावर मळून झालेल्या ढिगातून मूठभर बी आणू नका, त्यात कुठलं झाड कसं होतं हे काहीच कळत नाही. पिशवीवर गाव, जमीन, पेरणीची तारीख, वाणाचं तिथलं नाव, कशासाठी वापरतात, आणि मोबाईलवरून लोकेशन, एवढं लिहाच. देणाऱ्या शेतकऱ्याचं नावही तुमच्या वहीत ठेवा, उद्या वाण नोंदवायची वेळ आली तर हक्क त्याचा आहे.

दुसरी बँक म्हणजे मोठ्या संस्था. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, 1972 मध्ये सुरू झालेली, तिच्या जीनबँकेत ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग, नाचणी आणि इतर बारीक तृणधान्यं मिळून सव्वा लाखाच्या वर नमुने आहेत. ज्वारीचेच चाळीस हजारांवर. दिल्लीत एनबीपीजीआर ही पिकांची वाणं जपणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि तिचं एक प्रादेशिक केंद्र अकोल्यालाच आहे. सोलापूरला रब्बी ज्वारीचं केंद्र आहे, राहुरी आणि परभणी विद्यापीठांकडे स्वतःचे संग्रह आहेत. जेनेसिस नावाच्या ऑनलाइन पोर्टलवर जगभरच्या जीनबँकांतले नमुने शोधता येतात, देश, अक्षांश-रेखांश, जंगली की गावरान अशी चाळणी लावता येते.

आता चाळीस हजारांतून निवडायचं कसं? यासाठीच मिनी कोअर संग्रह केलेला आहे. म्हणजे सगळ्या संग्रहातली विविधता बऱ्यापैकी राहील असे मोजकेच नमुने काढायचे. ज्वारीच्या मिनी कोअरमध्ये 242 नमुने आहेत, एवढे एका हंगामात एखाद्या केंद्रावर पेरून बघता येतात. दुसरी वाट अशी की ज्या भागातलं हवामान आणि जमीन आपल्यासारखी, तिथलेच नमुने मागायचे. ओल साठवून येणाऱ्या काळ्या जमिनी, कोरडा शेवट, अशा ठिकाणी शेकडो वर्षं टिकलेल्या गावरान वाणात काहीतरी असणारच.

इथे एक गोष्ट मनात पक्की बसू द्या. ज्वारीचे पाच मुख्य वंश मानतात, बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर आणि दुर्रा. आपली मालदांडी दुर्रा. दाता, म्हणजे ज्याच्यातून पाहिजे तो गुण आणायचा तो नमुना, निवडताना जमलं तर दुर्राच घ्या, कारण काफिर किंवा कॉडेटम आणला तर ताण सहन करायचा गुण येईलही पण त्याच्यासोबत दाण्याचा आकार, रंग, भाकरी सगळं हलतं आणि ते परत जागेवर आणायला पिढ्यान्‌ पिढ्या जातात. नशिबाने कामाचे दोन मोठे दाते दुर्राच आहेत आणि दोन्ही इथिओपियाच्या मुळाचे. एक बी 35, शेवटपर्यंत पान हिरवं ठेवणारा, आणि दुसरा आयएस 18551, खोडमाशीला दाद न देणारा.

बी मागवताना मटेरियल ट्रान्सफर करार, म्हणजे बी देण्याघेण्याच्या अटींचा करार, येतो. तो नुसता सही करून ठेवू नका, वाचा. मिळालेल्या बियावर जसंच्या तसं कुणी मालकी सांगायची नाही, असा त्याचा गाभा आहे. एकट्या शेतकऱ्याने अर्ज करण्यापेक्षा विद्यापीठ किंवा केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) जोडीने केलेला बरा पडतो. बी फार थोडं येतं, म्हणून पहिला हंगाम फक्त वाढवायला आणि निरखायला द्या, आणि येणारं प्रत्येक कणीस पिशवी घालून स्वपरागित करा.

प्रयोगशाळा नसेल तरी पहिली पायरी होते

गावरान वाण हे एकजिनसी नसतं. त्याच्यात आतच फरक असतात आणि मालदांडी 35-1 अशीच निघालेली आहे हे वर सांगितलंच. म्हणून आणलेली कणसं एकत्र मळू नका. एक कणीस, एक ओळ. शंभर कणसं असतील तर शंभर ओळी, 45 सेंटिमीटरवर, झाडांत 15 सेंटिमीटर, दर दहा ओळींनंतर एक ओळ मालदांडी 35-1 ची म्हणजे शेजारच्याशी तुलना होते आणि शेताचा कुठला कोपरा हलका आहे तेही कळतं. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान, वापसा बघून.

चांगल्या ओळीतली चांगली कणसं घ्या, पुढच्या वर्षी परत ओळी, तिसऱ्या वर्षी चार-पाच ठिकाणी मोठे प्लॉट. तीन-चार रब्बीत एक सुधारलेलं, एकसारखं गावरान वाण हातात येतं. याला काही फार खर्च नाही आणि बऱ्याच गावांसाठी एवढंही पुरेसं आहे. पण जो गुण त्या वाणात मुळातच नाही तो निवडीने येणार नाही, तिथे संकर करावा लागतो.

संकर कसा करायचा

ज्वारीचं फूल आधी समजून घ्या. कणसावर जोडीने कणिशकं, म्हणजे बारीक फुलं, असतात, त्यातलं देठ नसलेलं फळणारं, त्यात तीन पुंकेसर आणि दोन कुक्षी (परागकण धरणारी टोकं). फुलोरा शेंड्याकडून सुरू होतो आणि रोज खाली सरकत सात-आठ दिवसांत बुडाशी पोचतो. फुलं उमलतात पहाटे. बहुतेक परागण आपल्याआपणच होतं पण थोडं परपरागण होतंच, म्हणून ज्याचं बी शुद्ध पाहिजे त्या कणसाला फुलोरा सुरू व्हायच्या आधी कागदी पिशवी लागलीच पाहिजे.

संकराला मादी म्हणून मालदांडी घ्या. कणीस पूर्ण निसवलं आणि शेंड्यावर पिवळे पुंकेसर दिसायला लागले की दुपारनंतर बसायचं. शेंड्याचा उमललेला भाग कात्रीने कापून टाका, बुडाचा कोवळा भागही टाका, मधली 40-50 कणिशकं ठेवा जी उद्या-परवा उमलणार आहेत. चिमट्याच्या टोकाने प्रत्येकातले तिन्ही पुंकेसर उचलून काढा, फुटू देऊ नका, एक जरी फुटला तरी ते कणिशक तोडून टाका. मग पिशवी, स्टेपल, त्यावर तारीख. एक-दोन दिवसांनी सकाळी कुक्षी बाहेर आलेल्या दिसतात तेव्हा नराच्या कणसावर आदल्या संध्याकाळी घातलेली पिशवी हलवून परागकण गोळा करायचे आणि मादीवर झटकायचे. पिशवी परत लावा, दोन्ही झाडांची नावं आणि तारीख लिहा.

खूप कणसं करायची असली तर हाताने एवढं शक्य होत नाही. मग गरम पाण्याची पद्धत आहे, 47-48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात कणीस दहा मिनिटं बुडवून ठेवायचं म्हणजे परागकण मरतात आणि कुक्षी टिकते, पण तापमान एक-दोन अंशही इकडे तिकडे झालं तर काम बिघडतं. त्याहून सोपी रीत प्लास्टिकची पिशवी घालायची. आतल्या दमटपणामुळे पुंकेसर बाहेर येतात पण फुटत नाहीत, सकाळी पिशवी काढून ते झटकून टाकायचे आणि लगेच परागण करायचं. या दोन्हीत थोडं स्वपरागित बी मिसळतंच, त्यामुळे पुढच्या पिढीत खरं संकरित झाड कुठलं ते ओळखता आलं पाहिजे. म्हणून नर असा निवडा की त्याचा एखादा ठळक, प्रभावी गुण मादीत नाही, किंवा सरळ पानाचा तुकडा मार्कर चाचणीला द्या, मार्कर म्हणजे काय ते पुढे सांगतोय.

आणखी एक अडचण, दोन्हीचा फुलोरा एकाच वेळी यायला पाहिजे. बाहेरच्या नमुन्याचा फुलोरा इथल्या दिवसमानात कधी येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून नराची पेरणी आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा करा.

मार्कर कुठे उपयोगी पडतो, किती झाडं लागतात

ज्वारीचा जीनोम, म्हणजे सगळी आनुवंशिक माहिती, 2009 मध्ये वाचून झाला, दहा गुणसूत्रं, साधारण 73 कोटी अक्षरं. त्यामुळे कुठला गुण कुठल्या गुणसूत्राच्या कुठल्या भागाशी जोडलेला आहे याचे नकाशे तयार आहेत. बी 35 मधले पान हिरवं ठेवणारे चार मोठे भाग एसटीजी 1 ते एसटीजी 4 या नावाने ओळखले जातात. हे काम कसं करतात तेही बघण्यासारखं आहे, झाडाला फुटवे कमी, वरची पानं आकाराने लहान, म्हणजे फुलोऱ्याआधी पाणी कमी खर्च होतं आणि दाणा भरताना जमिनीत थोडं शिल्लक राहतं. आपल्या रब्बीला नेमकं हेच पाहिजे.

मार्कर म्हणजे त्या भागाची खूण. रोप पंधरा-वीस दिवसांचं झालं की पानाचा छोटा तुकडा काढायचा, 96 खान्यांच्या प्लेटमध्ये भरून लॅबला पाठवायचा, रिपोर्टमध्ये कळतं की या रोपात तो भाग आहे की नाही. फुलोऱ्याच्या आत रिपोर्ट आला पाहिजे, नाहीतर संकराचा हंगाम गेला. हे विद्यापीठाच्या किंवा इक्रिसॅटसारख्या संस्थेच्या मदतीनेच होणार, गटाने एकट्याने नाही.

मालदांडी परत पाहिजे म्हणून बॅकक्रॉस करायचा. पहिल्या संकराचं झाड परत मालदांडीशी, त्यातलं निवडलेलं परत मालदांडीशी. दर वेळी मालदांडीचा वाटा वाढतो, पहिल्या बॅकक्रॉसला सरासरी 75 टक्के, दुसऱ्याला 87.5, तिसऱ्याला 93.75. मार्करने झाडं निवडली तर दुसऱ्यालाच तिसऱ्याएवढं गाठता येतं.

आता गणित. बॅकक्रॉसमध्ये एक भाग असण्याची शक्यता निम्मी. चारही भाग एकाच झाडात असायची शक्यता 16 त एक, आणि 95 टक्के खात्रीने असं निदान एक झाड मिळवायला 47 झाडं तपासावी लागतात. ठीक आहे, जमतं. पण शेवटी स्वपरागण करून चारही भाग दोन्ही बाजूंनी पक्के झालेलं झाड पाहिजे, ते 256 त एक असतं, त्याला 766 झाडं! दोनच भाग घेतले तर तेच झाड 16 त एक, म्हणजे परत 47. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एका वेळी दोन भाग आणा, पक्के करा, मग पुढचे दोन वेगळ्या ओळीत आणून दोन्ही ओळींचा संकर करा. आणि सगळे एसटीजी सगळ्या वाणात सारखं काम करत नाहीत, आईबाप बदलले, जमिनीची खोली बदलली की परिणाम बदलतो. लॅबचा रिपोर्ट हातात आला म्हणजे गुण आला असं नाही, शेतात दिसला पाहिजे.

हे होतं याचा आपल्याकडचा दाखला बाजरीत आहे. एचएचबी 67 हा लवकर येणारा संकरित वाण केवडा या रोगाला बळी पडायला लागला तेव्हा त्याच्या आईबापांत मार्करच्या मदतीने केवड्याचा प्रतिकार आणला आणि 2005 ला एचएचबी 67 इम्प्रूव्ह्ड म्हणून तो परत आला. वाण तेच, लवकर येणंही तेच, फक्त कमजोर जागा दुरुस्त केलेली. मालदांडीला असंच काम पाहिजे.

उत्पादनासारख्या गुणाला मात्र मार्कर असे चालत नाहीत कारण त्याच्यामागे शेकडो जीन थोडाथोडा हातभार लावतात. तिथे जीनोमिक सिलेक्शन, म्हणजे आधी काही शे ओळींचे शेतातले आकडे आणि सगळ्या जीनोमवरचे मार्कर यांची सांगड घालायची आणि त्यावरून न पेरलेल्या ओळींचा अंदाज काढायचा. पण याचा पाया शेतातले आकडेच. ते गचाळ असतील तर कॉम्प्युटरमधून अंदाजही गचाळच येणार.

दुसऱ्या पिढीपासून सहाव्या पिढीपर्यंत स्वपरागण करत न्यायचं असेल तर दुसऱ्या पिढीत आईबापांत फरक असलेल्या निम्म्या जागा मिश्र (दोघांचं एकेक रूप असलेल्या) असतात, सहाव्यात 3 टक्क्यांच्या आसपास उरतात, मग ओळ एकसारखी दिसायला लागते. वेळ वाचवायला प्रत्येक झाडाचा एकेक दाणा घेऊन पिढी पुढे ढकलता येते, शेडनेटमध्ये लहान कुंड्यांत, दाट. गहू-हरभऱ्याला 22 तास लाइट लावून पिढ्या झटपट घेतात ते बघून ज्वारीला तसं करू नका, ज्वारी लहान दिवसाचं पीक आहे, तिला लांब दिवस दिला तर फुलोराच लांबतो. पिढी कुठेही वाढवा पण निवड मात्र रब्बीत, कोरडवाहू शेतातच करायची. पाण्याखाली निवडलेलं झाड कोरड्यात टिकेलच असं नाही.

शेतातली परीक्षा

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते इथेच, कारण चुकीचं वाण पुढे जातं ते इथल्या ढिलाईमुळे.

सुरुवातीला ओळी जास्त आणि बी कमी असतं. समजा 100 नवीन ओळी आहेत. शेताचे पाच भाग करा, प्रत्येकात 20 नवीन ओळी आणि चार तुलनेची वाणं, मालदांडी 35-1, फुले सुचित्रा, फुले वसुधा आणि गावातलं एक. नवीन ओळी एकदाच येतात, तुलनेची वाणं पाचही भागांत येतात, त्यांच्यावरून भाग-भागातला जमिनीचा फरक काढून टाकता येतो. ओळींची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, आपल्या आवडीच्या ओळीला चांगली जमीन देऊ नका. पुढच्या वर्षी त्यातल्या 15-20 निवडून प्रत्येकीचे तीन-तीन प्लॉट.

ताणाची परीक्षा घेताना दोन संच पेरा, एक पूर्ण कोरडवाहू आणि एकाला फुलोऱ्याच्या आसपास एक संरक्षित पाणी. दोन्हीतल्या दाण्याचा फरक बघा. पण सगळ्यात आधी प्रत्येक ओळीची निम्म्या झाडांना फुलोरा आल्याची तारीख लिहा. आठ-दहा दिवस लवकर फुललेली ओळ ताणातून सुटून जाते, ती सहनशील असते असं नाही. तुलना एकाच वेळी फुललेल्यांची आपसात करा, हे विसरलं तर दर वर्षी लवकर येणारीच ओळ निवडली जाईल आणि कडबा कमी होत जाईल.

दाणा पक्व व्हायच्या वेळी किती पानं हिरवी आहेत ते मोजा, ओळीतल्या पाच झाडांवर. कापणीनंतर दाण्याचं वजन, कडब्याचं वजन आणि 100 दाण्यांचं वजन. मालदांडीचे 100 दाणे 3 ते 3.5 ग्रॅमच्या आसपास भरतात, त्याच्या खाली गेलेली ओळ बाजारात मागे पडणार.

खडखड्यासाठी पडलेली ताटं मोजा, मग ताट उभं चिरून बघा, आतला गाभा विस्कटून धागे सुटे झालेत आणि त्यावर काळे बारीक कण असले तर तोच रोग. केंद्रावर याची मुद्दाम परीक्षा घेतात, बुरशी वाढवलेली टूथपिक फुलोऱ्यानंतर ताटात टोचून.

खोडमाशीसाठी पेरणी मुद्दाम उशिरा करतात, चाचणीच्या ओळींच्या कडेने बळी पडणारं वाण पंधरा-वीस दिवस आधी पेरतात आणि माशी ओढायला शेतात सुकटीचं पीठ टाकतात. मग उगवणीनंतर 14, 21 आणि 28 दिवसांनी पोंगेमर, म्हणजे मधला पोंगा सुकलेली रोपं, मोजायची. ज्या ओळींची रोपं लहानपणी चकचकीत पानांची असतात आणि पानावर बारीक लव असते त्या सहसा टिकतात, ही डोळ्याने दिसणारी खूण आहे, तिचा फायदा घ्या.

आकडे कागदावर लिहून नंतर टाइप करण्यात गोंधळ होतो. फील्ड बुक नावाचं मोफत अँड्रॉइड ॲप आहे, ओळींची यादी टाकायची, बारकोड लावला तर अजून सोपं, शेतातच आकडा भरायचा. विश्लेषणाला आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विद्यार्थ्यांनी ते शिकाच.

घराघरात आणि शेताशेतात

केंद्रावर पास झालेलं वाण गावात नापास होतं, याचा इलाज म्हणजे निवड संपायच्या आत गावाला आत घ्यायचं. तिघा-तिघांची पद्धत चांगली आहे. समजा दहा ओळी उरल्यात, तर प्रत्येक शेतकऱ्याला त्यातल्या तीनच द्यायच्या, नावं न सांगता, अ ब क. त्याने फक्त एवढं सांगायचं, उगवण कुणाची चांगली, कडबा कुणाचा चांगला, दाणा कुणाचा, सगळ्यात मागे कोण. साठ-सत्तर शेतकरी असले की या साध्या उत्तरांतून दहाही ओळींचा क्रम लागतो आणि कुठल्या जमिनीत कोण पुढे तेही दिसतं.

भाकरीची परीक्षाही नाव न सांगताच. प्रत्येक ओळीचं दोन किलो पीठ, एकाच गिरणीत, दोन ओळींच्या मध्ये गिरणी साफ करून. दहा घरांत द्या. पाणी किती लागलं, थापताना कड चिरली का, फुगली का, चव, रंग, आणि संध्याकाळी मऊ राहिली का. जनावराला दोन ओळींचा कडबा शेजारी शेजारी टाकून बघा कुठला आधी संपतो. माझ्या दृष्टीने यात मालदांडीच्या खाली गेलेली ओळ दाणा कितीही देत असली तरी थांबवायची.

पोषणाचा विचार करायचा असेल तर लोह आणि जस्त तपासून घ्या, हे शक्य आहे हे बाजरीच्या धनशक्तीने दाखवलं, 2012 मध्ये राहुरी विद्यापीठ आणि इक्रिसॅटने दिलेलं वाण, आणि ज्वारीत 2018 ला परभणी शक्ती आली.

नोंदणी आणि बी टिकवणं

वाण विद्यापीठाबरोबर केलं असेल तर ते अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या चाचण्यांतून तीन वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी जातं आणि मग अधिसूचित, म्हणजे सरकारकडून अधिकृतपणे जाहीर, होतं. प्रमाणित बियाणं अधिसूचित वाणाचंच होऊ शकतं. गावातल्या निवडीतून आलेलं असेल तर 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदवा, त्याला फी नाही. त्यासाठी वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता दाखवावी लागते, म्हणून वहीतल्या नोंदी आणि फोटो पहिल्या दिवसापासून ठेवा. याच कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, पेरायचा, देवघेव करायचा, विकायचा हक्क दिलाय, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन ही वेगळी गोष्ट, ते भागाच्या नावाचं संरक्षण आहे, वाणाचं नाही, या दोन्हीत लोक गल्लत करतात.

बी वाढवताना दुसऱ्या ज्वारीपासून अंतर ठेवा, प्रमाणित बियाण्याला 100 मीटर, पायाभूतला (ज्यातून प्रमाणित बी तयार करतात) 200 मीटर. वेगळी झाडं फुलोऱ्याच्या आधीच उपटा, उंच, लवकरची, वेगळ्या कणसाची, दया दाखवू नका. मूळ बी म्हणून दर वर्षी वाणाच्या खऱ्या ठेवणीची 200-300 कणसं पिशवी घालून वेगळी काढा, ओलावा 12 टक्क्यांच्या खाली आणा, घट्ट डब्यात ठेवा, आणि त्यातला एक हिस्सा विद्यापीठाकडे नाहीतर एनबीपीजीआरच्या अकोला केंद्राकडे द्या. गावात एखाद्या वर्षी पीक पूर्ण गेलं तर बी तिथून परत मागवता येतं.